आईच्या हिरड्या, 90 हजारांचं पॅकेज आणि लेझीम

ताई, मी विक्रोळीला राहते, वय 39. आई माझ्याकडेच असते, ती 64 ची आहे. तिला डायबेटिस आहे, मागच्या वेळचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) 8.8 आला होता. बरीच वर्षं तिच्या हिरड्यांतून रक्त येतं, तोंडाला वास येतो आणि आता खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत. घराजवळच्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये दाखवलं तर पायरिया आहे म्हणाले, पूर्ण तोंडाचं लेझर करा, 90 हजार, एकाच सिटिंगमध्ये, कापणं नाही टाके नाहीत, आजच बुक केलं तर 15 हजार कमी आणि बाकीचं ईएमआय. लालबागचे आमचे जुने डेंटिस्ट म्हणतात आधी डीप क्लीनिंग करू, मग बघू, लागलं तर फ्लॅप, म्हणजे हिरडी उचलून आतून साफ करायचं ऑपरेशन. आई फ्लॅपचं नाव काढलं की घाबरते, "कापाकापी नको, ते लेझीमच करू" म्हणते (लेझरला ती लेझीम म्हणते). पुण्याचा भाऊ म्हणतो सगळे दात काढून कवळी बसवा, विषय संपला. एफडी मोडून पैसे देता येतील, पण मन घेत नाहीये. आणि हो, आई रोज सकाळी मशेरी लावते, ते दोन्ही डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ती सांगूच देत नाही.
विक्रोळीची लेक

अगं लेकी,

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू पत्राच्या पार शेवटी, जाता जाता टाकलंयस. मशेरीचं. त्यावर येतेच, पण आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते: आत्ता लेझर बुक करू नकोस. कधीच करायचं नाही असं म्हणत नाहीये, पण आत्ता नाही, आणि त्या 15 हजारांच्या डिस्काउंटसाठी तर मुळीच नाही. आईचा आजार वर्षानुवर्षं मुरलेला आहे, तो संध्याकाळी सातच्या आत बरा करायची काही गरज नाही. साडीच्या सेलमध्ये ठीक आहे गं, हिरड्यांसाठी "आजच्या दिवसापुरती ऑफर" ऐकली की मी तरी पर्स उचलून उठते.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते. पण या वाटेने स्वतः गेलेय, आणि अर्ध्यातून परत येऊन एक दाढ घालवून बसलेय, ते पुढे सांगते.

आधी मला हे सांग, त्या चकचकीत क्लिनिकमध्ये आईच्या हिरड्या कुणी मोजल्या का? म्हणजे बारीक खुणा असलेली एक बोथट सळई असते, तिला प्रोब म्हणतात, ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत हलकेच घालून फट किती खोल आहे ते बघतात, एकेका दाताला सहा ठिकाणी, आणि डॉक्टर आकडे बोलत जातात नि असिस्टंट लिहून घेते, तीन, दोन, पाच, सहा... निरोगी हिरडीत हा आकडा 1 ते 3 मिलिमीटर असतो. 4 च्या पुढे गेला की त्याला पॉकेट म्हणतात, म्हणजे हिरडी दातापासून सुटून खिसा झालाय आणि त्या खिशात ब्रश पोचत नाही, घाण साचते, किटण धरतं, आणि त्याला विरोध करता करता आपलंच शरीर दाताच्या भोवतालचं हाड खात जातं. दात हलतो तो हे हाड कमी झालं म्हणून. किती कमी झालंय ते एक्स-रेवर दिसतं. तुझ्या पत्रात ना आकडे आहेत ना एक्स-रेचा उल्लेख, थेट 90 हजारांचा आकडा आहे! पूर्ण तोंडाला लेझर हवं हे मोजल्याशिवाय कसं कळलं त्यांना, मला तरी कळलेलं नाही. कदाचित मोजलंही असेल आणि तुला कागद दिला नसेल, तर मागून घे. त्याला पेरिओ चार्ट म्हणतात, पेशंटचा हक्क आहे तो, लाजू नकोस.

आता लेझर म्हणजे काय ते बघू, कारण आईला वाटतंय तशी ती जादू नाही आणि काही लोक म्हणतात तशी निव्वळ फसवणूकही नाही. आपल्याकडे लेझर या शब्दाचा एकूणच दबदबा आहे. शेजारच्या काकू सांगतात ना, मोतीबिंदू लेझरने काढला म्हणून, तो बहुतेक वेळा लेझरने काढलेलाच नसतो, फेको म्हणजे अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी भिंगाचा चुरा करून ओढून घेतात. आणि गंमत म्हणजे दातांच्या स्केलिंगचं, म्हणजे किटण खरवडायचं, ते शिट्टीसारखं वाजणारं, पाणी उडवणारं मशीनसुद्धा तशाच कंपनांवर चालतं. पण त्याला बिचाऱ्याला कोण मान देतं, "नुसतं क्लीनिंग" म्हणतात.

हिरड्यांसाठी लेझर एकाच प्रकारचं नसतं. बऱ्याच क्लिनिकमध्ये असतं ते डायोड लेझर, छोटं, टेबलावर मावणारं, त्यातल्या त्यात स्वस्त. ते मऊ भागावर काम करतं, हिरडीतल्या रक्ताचा आणि रंगद्रव्याचा लाल-काळा रंग त्याचा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे खिशाच्या आतली सुजलेली, सडकी बाजू त्याने साफ करता येते आणि रक्त कमी येतं. पण दाताच्या मुळावर दगडासारखं बसलेलं किटण डायोड काढू शकत नाही, ते हाताच्या हत्यारांनी नाहीतर त्या शिट्टीवाल्या मशीननेच खरवडावं लागतं. दुसरं अर्बियमचं लेझर, ते पाण्यात शोषलं जातं, त्याने किटणही निघतं, पण ते मशीन महाग. तिसरं एनडी-याग, 1064 नॅनोमीटरचं, त्याच्यावर एक ठरलेली पद्धत बसवलीय, लॅनॅप म्हणतात. इंटरनेटवर तू "नो कट नो स्टिच" वाचलं असशील तर ते बहुतेक याच्याबद्दल असेल. अमेरिकेच्या एफडीएने 2016 मध्ये लॅनॅपच्या मशीनला हिरडी-हाड पुन्हा जोडलं जाण्यासाठी वापरायला मान्यता दिलीय, हे खरं आहे. पण त्यातही मधल्या टप्प्यात किटण खरवडणं आहेच, आणि नेहमीच्या फ्लॅपपेक्षा ते सरस आहे असं ठामपणे म्हणावं एवढा मोठा पुरावा अजून उभा राहिलेला नाही.

म्हणून क्लिनिकला एकच प्रश्न विचार, "लेझर कुठलं आहे आणि किटण कशाने काढणार?" उत्तर जर "डायोड, आणि किटण आधी स्केलिंगने काढू" असं आलं तर मग बाई, मुख्य काम स्केलिंगचंच आहे की, लेझर ही वरची फोडणी. आणि उत्तर "लेझरनेच सगळं निघतं" असं आलं आणि टेबलावर डायोड असेल तर आईला घे आणि सरळ रिक्षात बस.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये पायरियाच्या उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात डीप क्लीनिंगच्या जोडीला लेझर वापरू नका असाच सल्ला आहे, कारण जास्तीचा फायदा पुरेसा सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये पुरावा तपासला, त्यांचाही सूर असा की स्केलिंगच्या जोडीला लेझर वापरून थोडा फरक पडतो, पण तो एका मिलिमीटरच्या आतला. आणि नुसत्या चांगल्या डीप क्लीनिंगने 4 ते 6 मिलिमीटरचा खिसा साधारण एक मिलिमीटरभर किंवा थोडा जास्तच उथळ होतो, 7 च्या पुढचा असेल तर दोनेक मिलिमीटर. म्हणजे मोठा वाटा खरवडण्याचाच. लालबागचे डॉक्टर जुनाट नाहीयेत गं, जगभर सध्या जो क्रम धरतात तोच ते सांगतायत. आधी खोल साफसफाई, भूल देऊन, एकदोन किंवा चार बैठकांत. मग सहा आठवडे ते तीन महिने थांबायचं, हिरडीला बसू द्यायचं, मग पुन्हा तोच चार्ट. बरेचसे खिसे उथळ होतात, उरतात ते मोजके हट्टी, दाढांच्या मागे नाहीतर मुळांच्या बेचक्यात. फ्लॅप करायचा की लेझर, हा प्रश्न फक्त त्या उरलेल्यांपुरता. तो कदाचित चार दातांचा असेल आणि तू आत्ता सगळ्या तोंडाचे पैसे भरायला निघालीयस.

आता माझी दाढ. मी 49 ची असताना मलाही हेच सांगितलं होतं, आणि पहिल्या बाजूचं डीप क्लीनिंग झाल्यावर घरी येऊन आरशात बघते तर काय, दातांमध्ये फटी! जीभ लावली की वारा जातोय, गार पाणी प्यायलं की झिणझिण्या, आणि वाटलं दात जास्तच हलतायत. सासूबाईंनी लगेच जाहीर केलं, "स्केलिंग केलं की दात सैल होतात, मी सांगितलं होतं." मी घाबरून दुसऱ्या बाजूला गेलेच नाही. दोन वर्षांनी त्याच न केलेल्या बाजूची दाढ काढावी लागली, आणि तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की फट आधीपासूनच होती, फक्त किटणाने आणि सुजेने बुजलेली होती. किटण म्हणजे सिमेंट नव्हे, ते दात धरून ठेवत नाही, त्यानेच तर हाड जातं. सूज उतरली की हिरडी आवळून बसते म्हणून दात लांब दिसतात आणि झिणझिण्या काही आठवड्यांत कमी होतात. तर आईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर ती पहिल्या सिटिंगनंतर तुला म्हणेल बघ, लेझीम केलं असतं तर... लेझर केलं तरी सूज उतरली की थोड्याफार फटी दिसतातच.

आईचा आणखी एक गैरसमज असणार, की फ्लॅप म्हणजे पोट फाडल्यासारखं काहीतरी. जागा बधिर करून हिरडी थोडी उचलतात, आत डोळ्यांना दिसेल असं साफ करतात, पुन्हा बसवून टाके घालतात, आठ-दहा दिवसांत टाके काढतात. दोन दिवस सूज, थोडे दिवस मऊ भात, मुगाची खिचडी. मी एका बाजूचा केला आणि चौथ्या दिवशी ऑफिसला गेले, लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून. दुखलं नाही असं नाही, पण सहन होण्यासारखं होतं.

लेझरची बाजूही मांडते, नाहीतर तू म्हणशील ताईंना नवीन काही नकोच असतं. रक्त कमी येतं, टाके बहुतेक लागत नाहीत, सूज कमी असते. एखाद्याला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा भीतीने तो कुठलाच उपचार घेणार नसेल तर हे फायदे छोटे नाहीत. (आईला तशी गोळी असेल तर डॉक्टरांना सांगायचं, आपल्या मनाने बंद करायची नाही.) तीन महिन्यांनी हट्टी खिसे उरले, समोर हिरड्यांचा तज्ज्ञ असेल, एमडीएस पेरिओ, आणि तो म्हणाला की या तीन दातांना मी अमुक लेझर वापरेन आणि का ते सांगितलं, तर मी तुला नाही म्हणणार नाही. पण "एकाच सिटिंगमध्ये कायमचा बरा" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. पायरिया आईच्या शुगरसारखा आहे, ताब्यात राहतो, निघून जात नाही. लेझर करा, फ्लॅप करा, नाहीतर नुसतं क्लीनिंग करा, दर तीन महिन्यांनी तपासून साफ करून घ्यावंच लागतं, आणि 90 हजारांत ते धरलंय का हेही विचार. माझी पैज आहे, नसेल.

शुगरवरून आठवलं. 8.8 वर जखम लवकर भरत नाही आणि इन्फेक्शनला फावतं, त्यामुळे कापायचं असो की जाळायचं, आधी शुगरवाल्या डॉक्टरांना भेटून आकडा खाली आणायला लागा. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं, हिरड्यांची नीट साफसफाई झाली की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण 0.4 ने उतरल्याचं अभ्यासांत दिसलंय. फार नाही, पण एखादी गोळी वाढवण्यासारखं आहे की नाही? सगळे दात काढा म्हणणाऱ्या भावाला हे ऐकव.

आणि भावाबद्दल. पुण्यात बसून सगळे दात काढा म्हणणं सोपं आहे. दात काढले की जबड्याचं हाड झिजत जातं आणि खालची कवळी पुढे पुढे तरंगायलाच लागते, त्यात आईला भाकरी, सुरमईचा काटा, पावसाळ्यातलं कणीस हे सगळं विसरावं लागेल. हलणारे दोन दातसुद्धा लगेच काढायचे नसतात, सूज उतरली की बऱ्याचदा हलणं कमी होतं, नाहीतर शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून ठेवतात. वर-खाली दाबला तरी हलत असेल तर मात्र तो गेला, त्याच्यावर ना क्लीनिंगचा खर्च करायचा ना लेझरचा.

आता मशेरी. माझी आजी शेगडीवर पत्र्याच्या तुकड्यावर तंबाखू भाजायची, तो वास अजून नाकात आहे, आणि तिलाही कुणी व्यसनी म्हटलं असतं तर तिने लाटणं फेकून मारलं असतं. त्या बायकांसाठी ते दात घासणंच असतं. त्यामुळे आईवर ओरडू नकोस, लाजवू नकोस. पण डॉक्टरांपासून लपवायचं नाही म्हणजे नाही. एक तर तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा बिघडतो, जखम सावकाश भरते, मशेरी चालू ठेवून 90 हजारांचं लेझर केलं तर ते गळक्या पिंपात पाणी भरल्यासारखं होईल. दुसरं, आणि याची मला जास्त काळजी आहे, मशेरी लावणाऱ्या माणसाच्या तोंडात हिरडी सोडून बाकीचंही बघायला लागतं, गालाच्या आतून, जिभेखाली, ओठाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, न भरणारी जखम आहे का, तोंड पूर्ण उघडतं का. पाच मिनिटांची तपासणी आहे. डॉक्टरांना माहीतच नसेल तर ते कशाला शोधतील? आईला सांगता येत नसेल तर तू फोन करून आधी कानावर घाल, आईसमोर विषयच काढू नकोस. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा क्विटलाइनचा नंबर आहे, तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो, फुकट आहे. सकाळचीच सवय असेल तर त्या वेळेला हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं, माझ्या मावशीने साधी टूथपेस्ट आणि नंतर बडीशेप यावर भागवलं, दोन महिने घरात सगळ्यांवर चिडचिड केली, पण सुटली. राखुंडीवर मात्र जाऊ देऊ नकोस, ती दात घासत नाही, झिजवते.

पैशांचं म्हणशील तर एफडीला हात लावायच्या आधी एक सकाळ काढ. आपल्या मुंबईत दोन मोठी दातांची सरकारी-पालिकेची कॉलेजं आहेत, एक सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज, दुसरं मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल, आणि दोन्हीकडे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. विक्रोळीहून स्लोने थेट सीएसएमटी, स्टेशनातून पी. डिमेलो रोडच्या बाजूने बाहेर पड. गर्दी असते, केसपेपरला रांग असते, शिकणारी मुलंमुली काम करतात आणि मागे शिक्षक उभे असतात, एकाच दातावर तिघं वाकून बघतात, आईला पहिल्या दिवशी ते आवडणार नाही. पण चार्ट पूर्ण होतो, घाई नसते, कारण त्यांना शिकायचं असतं आणि विकायचं काही नसतं, खर्च तर खासगीच्या पासंगालाही पुरत नाही. तिथे उपचार नाही केलेस तरी दुसरं मत म्हणून जा. मला विचारशील तर चार्ट तिथे आणि क्लीनिंग लालबागला, आई ज्यांच्यासमोर तोंड उघडून शांत बसते त्यांच्याकडे. या सगळ्यात तेही धरावं लागतं.

मेडिक्लेमवर फार भरवसा ठेवू नकोस, अपघात सोडला तर दातांचं बहुतेक पॉलिसीत बसत नाही, तरी एकदा कागद उघडून बघ.

तोपर्यंत घरी ब्रश मऊ घे, हिरडी आणि दाताच्या सांध्याला 45 अंशात तिरका धरून बारीक बारीक हलवायचा, घासायचा नाही. रक्त येतं म्हणून ती जागा सोडून देतात बायका, तिथेच जास्त गरज असते. दातांच्या फटीतला तो बाटली धुवायच्या ब्रशसारखा छोटा ब्रश मिळतो, इंटरडेंटल ब्रश, आईच्या फटींना फ्लॉसपेक्षा तो बरा, साइज डेंटिस्टला विचारून घे. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दोन आठवड्यांच्या पुढे आपल्या मनाने चालू ठेवू नकोस, दात तपकिरी होतात आणि जेवणाची चव जाते, मग आई म्हणेल आमटीत मीठ नाही.

आणि क्लिनिकचा फोन येईल, येणारच, "मॅडम ऑफर एक्सटेंड केलीय" म्हणून. तेव्हा भांडू नकोस, फक्त म्हण की चार्ट आणि एक्स-रे व्हॉट्सअॅप करा, बघून कळवते.

आकडे आले की मला लिही. कुठल्या दाताला किती, आणि हलणाऱ्या त्या दोन दातांचे सहाही.

तुझी ताई